सुखरूप परतलेल्या होडीचा हिशेब

विल्यम क्लिफर्ड हा इंग्रज गणितज्ञ १८७९ साली वयाच्या अवघ्या तेहतिसाव्या वर्षी निवर्तला. धर्माशी त्याचे सख्य नव्हते; किंबहुना धर्मश्रद्धेवर टीका करण्यात त्याची लेखणी अधिक रमली. तरीसुद्धा नीतिशास्त्राच्या अभ्यासकाची त्याच्याशी कधी ना कधी गाठ पडतेच, आणि ती पडते १८७७ सालच्या त्याच्या एका निबंधातल्या जहाजमालकामुळे. श्रद्धेलाही नीतीचे नियम असतात, हा त्या निबंधाचा विषय.

हा मालक परदेशी निघालेल्या कुटुंबांना घेऊन जाणारे एक जहाज समुद्रात धाडणार आहे. जहाज जुने आहे, मुळातच फारसे नीट बांधलेले नाही, पुष्कळदा दुरुस्त झालेले आहे. त्याच्या मनात शंका येते, एकवार त्याची पूर्ण तपासणी करून घ्यावी काय? पण तपासणीला खर्च आहे. मग तो मनाची समजूत घालतो. इतक्या सफरी याने केल्या, इतकी वादळे पाहिली, याही खेपेला परतेल. शिवाय नव्या मुलखात बरे दिवस शोधायला निघालेल्या या गरीब जिवांची काळजी परमेश्वर वाहणार नाही काय? अशा रीतीने शंका गिळून तो अगदी मनापासून निश्चिंत होतो. जहाज भर समुद्रात बुडते. मालक विम्याची रक्कम पदरात पाडून घेतो आणि मौन पाळतो.

मालक दोषी, हे कोणीही सांगेल. पण क्लिफर्ड येथे थांबत नाही. तो विचारतो, समजा, ते जहाज बुडाले नाही. ती सफर आणि पुढच्याही अनेक सफरी सुखरूप पार पडल्या. मग मालकाचा दोष कमी झाला काय? त्याचे उत्तर आहे, तसूभरही नाही. फरक एवढाच की तो निर्दोष ठरला नाही, फक्त उघडा पडला नाही. मालकाची निश्चिंतता खोटी होती असे क्लिफर्ड म्हणत नाही. ती त्याने कमावलेली नव्हती, असे तो म्हणतो. जाता जाता सांगायला हवे की १८७० साली सूर्यग्रहण पाहण्याच्या मोहिमेवर असताना खुद्द क्लिफर्ड सिसिलीच्या किनाऱ्याजवळ जहाज फुटण्याच्या प्रसंगातून वाचला होता. तेव्हा हे उदाहरण त्याने केवळ खुर्चीत बसून रचले असे म्हणवत नाही.

हा जुना जहाजमालक आज आठवण्याचे कारण आपल्या किनाऱ्यावरच आहे. वसई, अर्नाळा, नायगाव, उत्तन या पट्ट्यात होडी म्हटली की ती कोळ्याची, हे समीकरण पिढ्यान्‌पिढ्या चालत आले. आता त्यात एक नवा प्रकार येऊन बसू लागला आहे. नोकरीतून निवृत्त झालेला, परदेशातून चार पैसे गाठीला बांधून आलेला एखादा गृहस्थ पाच-सहा माणसांची फायबरची होडी घेतो, तिच्या पाठीला आउटबोर्ड इंजिन लावतो आणि रविवारची मिस्सा झाली की मुलाबाळांना, पाहुण्यांना घेऊन गरी टाकायला निघतो. ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडमध्ये स्थायिक झालेल्या आपल्या मंडळींना तर हा छंद तिथल्या शेजाऱ्यांकडूनच लागतो. तिकडे घराच्या अंगणात मोटारीशेजारी ट्रेलरवर होडी उभी असणे ही काही नवलाई नव्हे. ही होडी पोटासाठी नाही, हौसेसाठी आहे. आमच्या मते या एका गोष्टीने प्रश्नाचे सारे स्वरूप बदलते.

हौस वाईट, असे आम्हांला मुळीच म्हणायचे नाही. संत थॉमस अक्वायनस यांनी खेळ आणि करमणूक यांवर गंभीरपणे लिहिले आहे. देह थकला की त्याला विश्रांती हवी, तसा जीव थकला की त्याला आनंद हवा, असे ते मानतात आणि त्यासाठी प्रेषित योहानाची एक जुनी कथा सांगतात. योहानाला शिष्यांबरोबर खेळीमेळीत बसलेले पाहून काहींचा विरस झाला. त्यांच्यातल्या एकाच्या हाती धनुष्य होते. योहानाने त्याला एकामागून एक बाण सोडायला लावले आणि विचारले, असे अखंड करीत राहता येईल काय? तो म्हणाला, तसे केले तर धनुष्य मोडेल. माणसाच्या मनाचेही तसेच आहे, असे योहानाने त्यांना समजावले. तेव्हा खाडीच्या पाण्यावर सकाळच्या उन्हात गरी सोडून बसलेला बाप आणि त्याच्या शेजारी श्वास रोखून दोरीकडे पाहणारा मुलगा यांच्या आनंदाला ख्रिस्तसभेची हरकत असण्याचे कारण नाही.

परंतु कॅथलिक ख्रिस्तसभेच्या १९९२ सालच्या धर्मशिक्षणग्रंथात पाचव्या आज्ञेचे विवरण करताना दोन गोष्टी सांगितल्या आहेत. परिच्छेद २२६९ सांगतो की गंभीर कारणावाचून कोणालाही प्राणसंकटात लोटणे हा नीतिनियमाचा भंग आहे, आणि संकटात सापडलेल्याला मदत नाकारणे हाही. परिच्छेद २२९० त्याहून स्पष्ट आहे. मद्याच्या नशेत किंवा वेगाच्या हव्यासापायी रस्त्यावर, समुद्रावर किंवा आकाशमार्गात स्वतःची आणि इतरांची सुरक्षितता धोक्यात आणणारे गंभीर दोषाचे धनी होतात. समुद्राचा उल्लेख तिथे नाव घेऊन केलेला आहे. ज्यांना वाटते की होडीतल्या बाटलीचा हिशेब फक्त पोलिसांशी असतो, त्यांनी तो परिच्छेद एकदा काढून वाचावा.

आता 'गंभीर कारण' या शब्दांकडे पाहू. कोळी वाऱ्यापावसाची जोखीम पत्करतो, कारण घरातली चूल त्यावर पेटते. त्याने जोखीम बेफिकिरीने घ्यावी असा याचा अर्थ नाही, पण त्याच्यापाशी सांगण्याजोगे कारण आहे. हौशी माणसापाशी ते नाही. त्याची होडी आज निघाली नाही तर कोणीही उपाशी राहत नाही. सर्वसाधारण समजूत नेमकी उलट असते. मासेमारी हा धंदा, म्हणून तिथे नियम हवेत. आमचे आपले घटकाभर फिरणे, त्याला कसले नियम? आम्हांला वाटते, जोखीम घेण्याचे कारण जितके हलके, तितकी जोखीम घेणाऱ्याची जबाबदारी जड. नाखव्याला जे एकवार क्षम्य ठरेल, ते रविवारच्या होडीवाल्याला क्षम्य ठरणार नाही.

शिवाय नाखव्याचे खलाशी जाणते असतात. होडीचा आवाज बदलला की त्यांना कळते. तांडेल चुकतो आहे असे दिसले तर ते तोंडावर बोलतात. हौशी होडीत बसलेली मेहुणी, तिची दोन मुले, मुंबईहून आलेले साहेबमित्र यांना काय कळते? इंजिन शेवटचे कधी उघडले होते, हे ते विचारीत नाहीत. त्यांनी आपली सारी शंका मालकाच्या हवाली केलेली असते. त्यांच्या वाट्याची चौकशीही त्यानेच करायची आहे. क्लिफर्डचे स्थलांतरित आणि ही माणसे यांच्यात आम्हांला तरी फरक दिसत नाही.

मग चौकशी करायची ती कशाची? येथे थोडे तपशिलात शिरणे भाग आहे. वाचक कंटाळणार नाहीत अशी आशा आहे. नीतीच्या गोष्टी मोठ्या शब्दांत राहिल्या की कोणाचेच काही बिघडत नाही.

सर्वांत क्षुल्लक वस्तू घेऊ. होडीच्या मागच्या अंगाला, अगदी तळाशी, एक भोक असते. होडी किनाऱ्यावर ओढली की साचलेले पाणी त्यातून निघून जावे म्हणून. त्याला एक बूच असते. ते लावायचे विसरून होडी पाण्यात लोटणारी माणसे जगाच्या प्रत्येक किनाऱ्यावर आहेत. पाणी हळूहळू शिरते आणि लवकर दिसत नाही, कारण ते तळातल्या फळ्यांखाली असते. ते तिथे नुसते बसूनही राहत नाही. होडी एका अंगाला कलली की सारे पाणी त्याच अंगाला धावते आणि कल वाढवते. चार बोटे पाणी म्हणजे चार बोटांचे वजन, असा हिशेब तिथे चालत नाही.

इंजिनचे पाहा. आउटबोर्ड इंजिन समुद्राचेच पाणी खेचून स्वतःला थंड ठेवते. हे पाणी खेचणाऱ्या पंपात एक रबरी चाक असते. ते झिजते, वाळते, त्याची पाती तुटतात. ते चालू आहे याची खूण म्हणजे इंजिनच्या मागून पिचकारीसारखी पडणारी पाण्याची बारीक धार. इंजिन सुरू करताच मागे वळून ती धार पाहण्यास दोन सेकंद लागतात. ती न पाहता निघालेला माणूस खाडीच्या मुखापर्यंत पोहोचतो आणि तिथे तापलेले इंजिन बंद पडते. समुद्रावरून परतल्यावर गोड्या पाण्याने इंजिन धुऊन काढायचे असते, नाहीतर मीठ आतल्या वाटा बुजवते. इंजिनाच्या अंगावर जस्तासारख्या धातूचा एक तुकडा बसवलेला असतो. खारे पाणी आधी त्याला खाते आणि इंजिनाचा धातू वाचतो. अर्ध्याहून अधिक झिजला की तो बदलायचा. या तुकड्यावरून एखादे प्रवचन सहज रचता येईल. तो मोह आम्ही टाळतो, कारण प्रवचन ऐकून माणसे डोळे पुसतात आणि तुकडा तसाच राहतो.

पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते. ती वर उडून जात नाही, तळाशी साचते. म्हणून सुटी टाकी होडीबाहेर, किनाऱ्यावर भरावी, आणि बंदिस्त जागेत इंधन असेल तर ती जागा वाऱ्याला मोकळी केल्यावाचून इंजिन सुरू करू नये. पेट्रोल किती घ्यावे याचा जगभरच्या होडीवाल्यांचा एक साधा नियम आहे. एक तृतीयांश जायला, एक तृतीयांश यायला, एक तृतीयांश राखून ठेवायला. परतताना वारा समोर असतो हे या नियमाला ठाऊक आहे. आणि एक दोरी असते, इंजिन बंद करणाऱ्या बटणाला एक टोक, दुसरे चालवणाऱ्याच्या मनगटाला किंवा मांडीला. तो पाण्यात फेकला गेला तर दोरी सुटते आणि इंजिन थांबते. ती न बांधली तर होडी चालकावाचून गोल फिरत राहते आणि तिचा पंखा पाण्यातल्या माणसाकडेच परत येतो. पुष्कळ होड्यांत ही दोरी मालक जागच्या जागी अडकवून ठेवतो, कारण ती हालचालीला आडवी येते. मान्य; मोटारीचा पट्टाही आडवा येतो.

समुद्राबद्दल आमच्या कोळी बांधवांना आम्ही काय शिकवणार? पण हौशी मंडळींना दोन शब्द सांगावेसे वाटतात. आपल्या जुन्या माणसांचा हिशेब होता, तिथीला तीनने गुणावे, चारने भागावे, म्हणजे भरतीची वेळ तासांत मिळते. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, पौर्णिमेला सव्वाअकराच्या सुमारास. भरती-ओहोटीचे छापील वेळापत्रक अधिक अचूक आहे, पण हा हिशेब येणाऱ्या माणसाला एक गोष्ट न सांगता कळते. आपण निघतो तो समुद्र आणि आपण परततो तो समुद्र एक नव्हे. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला खाडीच्या मुखातून ओहोटीचे पाणी जोराने बाहेर धावत असते, आणि उन्हाळ्याच्या दिवसांत दुपारनंतर समुद्रावरचा वारा आत येत असतो. दोघे समोरासमोर भिडले की मुखाशी लाटा आखूड आणि उभ्या होतात. सकाळी आरशासारखे असलेले पाणी तेच. नांगर टाकायचा तो पुढून, नाळेकडून. मागच्या अंगाने टाकला तर इंजिनाच्या वजनाने आधीच खाली बसलेली बाजू लाटेसमोर येते आणि पाणी सरळ आत. मासे जिथे लागले तिथे गडबडीने मागूनच नांगर सोडण्याची सवय पुष्कळांना असते. हवामान खात्याचा आणि हैदराबादच्या महासागर माहिती सेवा केंद्राचा लाटांचा इशारा आता प्रत्येकाच्या खिशातल्या मोबाइलवर मिळतो. तो न पाहण्यास गरिबीचे किंवा अज्ञानाचे कारण उरलेले नाही.

आणि जाकीट. अमेरिकेच्या तटरक्षक दलाने हौशी नौकांच्या अपघातांचा २०२३ सालचा जो अहवाल दिला, त्यात मृत्यूचे कारण ठाऊक असलेल्यांपैकी ७५ टक्के बुडून गेले, आणि जाकिटाची नोंद उपलब्ध असलेल्या त्या बुडालेल्यांपैकी ८७ टक्के लोकांनी जाकीट घातलेले नव्हते. जाकीट होडीत नव्हते असे नव्हे, घातलेले नव्हते. बाकाखाली दाबून ठेवलेले जाकीट बुडणाऱ्याच्या उपयोगी पडत नाही, कारण होडी कलंडायला जो वेळ लागतो त्यात ते शोधता येत नाही, आणि पाण्यात पडल्यावर घालता येत नाही. लहान मुलाच्या जाकिटाला मांड्यांमधून जाणारा पट्टा असतो. तो बांधला नाही तर जाकीट वर तरंगते आणि मूल खाली घसरते.

१३ जानेवारी २०१८ रोजी, आपल्याच पालघर जिल्ह्यात, डहाणूच्या समुद्रात सुमारे चाळीस विद्यार्थ्यांना घेऊन निघालेली होडी उलटली आणि तीन मुलींचा अंत झाला. बाकीची मुले वाचली त्यात जवळपासच्या मच्छीमारांचा मोठा वाटा होता. सहा वर्षांनी, १८ जानेवारी २०२४ रोजी, वडोदऱ्याच्या हरणी तलावात सहलीला आलेल्या शाळकरी मुलांची होडी बुडाली; बारा मुले आणि दोन शिक्षिका गेल्या. तो समुद्रही नव्हता, तलाव होता. या दोन्ही ठिकाणी कायद्याने कोणाला काय म्हणावे हे न्यायालयाचे काम. आमच्या डोक्यात वेगळाच प्रश्न फिरतो. तशाच भरलेल्या, तशाच जाकिटांवाचूनच्या किती होड्या अशा असतील, ज्या सुखरूप परतल्या आणि ज्यांच्याबद्दल वर्तमानपत्रात एक ओळही आली नाही? त्या होड्यांच्या मालकांनी रात्री घरी जाऊन देवाचे आभार मानले असतील, त्याबद्दल आम्हांला शंका नाही. पण पश्चात्ताप? आत्मपरीक्षणासाठी आम्ही धर्मगुरू जे छापील प्रश्न लोकांच्या हाती देतो, त्यांत क्रोध असतो, निंदा असते, रविवारची चुकलेली मिस्सा असते. न घडलेल्या अपघाताला त्यात रकाना नाही.

अक्वायनसच्या नीतिशास्त्रात मात्र तो आहे. विवेक हा त्यांच्या मते सद्गुणांचा सारथी, आणि विवेकाचे घटक सांगताना ते सभोवतालचे भान, सावधगिरी आणि दुसऱ्याकडून शिकून घेण्याची तयारी यांची नावे घेतात. निष्काळजीपणाला ते स्वतंत्र पाप मानतात. जे करणे आवश्यक होते त्याकडे लक्ष देण्याची इच्छाच नसणे, हे त्याचे लक्षण. होडी बुडाली की नाही हा प्रश्न त्यात येतच नाही. येथे धर्मविरोधी क्लिफर्ड आणि देवदूततुल्य आचार्य थॉमस यांचे एकमत होते, ही गंमत आम्हांला फार मोलाची वाटते.

पण एका ठिकाणी क्लिफर्डशी आमचे जमत नाही. त्याचा जहाजमालक परमेश्वराच्या काळजीवाहू प्रेमावर भरवसा टाकतो, आणि जणू तो भरवसाच गुन्ह्यात साथीदार आहे असा सूर त्या गोष्टीतून निघतो. श्रद्धा ही तपासणी टाळण्याची सबब आहे काय? तशी ती वापरली जाते, हे आम्ही नाकारणार नाही. गळ्यात रोझरी, होडीच्या नाळेवर वेलंकनी मातेची तसबीर, आणि तळाला बूच नाही, असे दृश्य अशक्य नाही. परंतु देवावरची श्रद्धा म्हणजे होडीच्या फळ्यांविषयीची माहिती नव्हे. देव विश्वासू आहे, हे मी त्याच्यावर सोडून देऊन जाणतो. फळी कुजलेली नाही, हे मी तिच्यात टोचणी खुपसून जाणतो. एकाचे काम दुसऱ्याने होत नाही. सैतानाने येशूला मंदिराच्या शिखरावर नेऊन उडी टाकायला सांगितले तेव्हा त्याने पुढे केले होते ते पवित्र शास्त्रातलेच वचन, आणि येशूने ते नाकारले ते देवाची परीक्षा पाहू नये म्हणून. गरज नसताना स्वतःला संकटात टाकून देवाकडून सुटकेची अपेक्षा करणे, याला आपल्या परंपरेत भक्ती म्हटलेले नाही.

प्रेषितांच्या कृत्यांच्या सत्ताविसाव्या अध्यायात संत पौलाचा समुद्रप्रवास आहे. होडी असलेल्या प्रत्येक घरात तो मोठ्याने वाचावा असे आम्हांला वाटते. ऋतू उलटून गेलेला. पौल सांगतो आहे की आता निघू नका, प्राणांवर बेतेल. शताधिपती तारवाच्या मालकाचे आणि तांडेलाचे ऐकतो. आणि मग मंद दक्षिणवारा सुटतो. आपला बेत साधला असे त्यांना वाटते. सकाळचा तो गोड वारा! त्यानंतर वादळ, दोरांनी आवळलेले तारू, समुद्रात फेकलेले सामान, अनेक दिवस न दिसलेले सूर्य-तारे. त्यातच एका रात्री देवाचा दूत पौलाला सांगतो की तुमच्यापैकी एकाचाही जीव जाणार नाही. वचन मिळाले. मग पुढे काय होते? खलाशी पाण्याची खोली मोजतात; वीस वाव भरते, थोडे पुढे पंधरा. खडकांवर आपटू नये म्हणून मागच्या बाजूने चार नांगर टाकतात. (त्यांना तारवाचे तोंड किनाऱ्याकडेच ठेवायचे होते, छोट्या होडीवाल्यांनी या बाबतीत शास्त्राचा आधार घेऊ नये.) आणि काही खलाशी लहान मचवा सोडून पळण्याच्या बेतात आहेत असे दिसताच, ज्याला दूताने वचन दिले तोच पौल शताधिपतीला बजावतो की ही माणसे तारवात राहिली नाहीत तर तुमचा बचाव होणार नाही. मचव्याचे दोर कापले जातात. दूताचे वचन आणि तांडेलाची मोजणीची दोरी यांत पौलाला विरोध दिसला नाही. वचन पुरे होणार होते ते त्या खलाशांच्याच हातांनी. तारवावर दोनशे शहाहत्तर माणसे होती. कोणी पोहून, कोणी फळ्यांवर, सगळी मेलिता बेटावर पोहोचली. तारू मात्र वाचले नाही.

गालीलच्या सरोवरात १९८६ साली, दुष्काळाने पाणी ओसरले असताना, दोन मच्छीमार भावांना चिखलात एक प्राचीन होडी सापडली. ती येशूच्या काळाच्या आसपासची आहे. लांबी सुमारे आठ मीटर, रुंदी सुमारे सव्वादोन मीटर. तिच्यावर येशू बसला होता असे म्हणायला काही आधार नाही आणि तसे म्हणण्याची गरजही नाही. आम्हांला तिच्यात दिसते ते वेगळेच. मुख्यतः देवदार आणि ओक यांची ही होडी, पण तिच्यात एकूण दहा-बारा जातींची लाकडे आहेत. जुन्या होड्यांचे तुकडे काढून, जे मिळेल ते लाकूड घालून, कोणीतरी ती वर्षानुवर्षे सांधीत राहिले. गरिबाची होडी होती. पण सांधलेली होती. याकोब आणि योहान यांना हाक आली तेव्हा तेही होडीत बसून जाळी नीट करीत होते, असे संत मार्क लिहितो. आपल्याकडे आगोटीला होड्या किनाऱ्यावर शाकारून ठेवतात, त्यांचे सांधे पाहतात, नारळीपौर्णिमेपर्यंत डागडुजी होते. त्या वेळी धर्मगुरूंनी येऊन होडीला आशीर्वाद द्यावा ही रीतही जुनीच. आशीर्वाद दुरुस्त झालेल्या होडीला दिला जातो. आशीर्वादाने दुरुस्ती होत नाही. हौशी होडीचे मालक बोलावतात तेव्हा आम्हीही आनंदाने जातो, फक्त पवित्र पाणी शिंपडण्याआधी जाकिटे कुठे आहेत ती दाखवा म्हणतो. एखाद्याला ते रुचत नाही.

कोणी म्हणेल, हे सारे प्रत्येकाच्या सद्सद्विवेकावर सोडावे, कायदे कशाला? इंग्लंडात सॅम्युएल प्लिम्सॉल या खासदाराने जहाजांच्या अंगावर भाररेषा सक्तीची व्हावी म्हणून झुंज दिली, ती जास्त माल भरून बुडणाऱ्या आणि विम्यावर मालकाला तारणाऱ्या जहाजांविरुद्ध. १८७६ साली कायदा झाला. पण रेषा कोठे काढायची हे मालकावरच सोपवले होते! एका कप्तानाने ती धुराड्यावर काढली, असे सांगतात. रेषेची जागा कायद्याने ठरली १८९० साली, म्हणजे चौदा वर्षांनी. सद्सद्विवेक ही देवाची देणगी आहे, पण रंगाचा डबा त्याच्या हाती एकटा देऊ नये. हौशी होडीच्या अंगावरही किती माणसे, किती वजन याची पाटी बनवणाऱ्याने ठोकलेली असते. पाटीवर पाच लिहिले असेल तर ते पाच.

यावरून एक प्रश्न उभा राहतो, आणि तो वाटतो तितका पुस्तकी नाही. समजा, होडी सहा जणांची आहे, माणसेही सहाच आहेत, पण जाकिटे पाच. सहावे आहेत घरातले वयस्कर काका. ते म्हणतात, "अरे, मी याच खाडीत पोहायला शिकलो, मला कसले जाकीट?" घरातली वडीलधारी व्यक्ती, तिला नाही म्हणणे आपल्या संस्कारांना जड जाते. मालकाने काय करावे? काकांना धोका पत्करण्याचा हक्क आहे, असे कोणी म्हणेल. पण ते पाण्यात पडले तर त्यांच्यामागे त्यांचा पुतण्या उडी टाकणार, हे होडीतल्या सर्वांना ठाऊक आहे. आणि होडी परतली नाही तर आपली जाळी सोडून शोधायला निघणार तो पलीकडच्या पाड्यातला कोळी, त्याच वाऱ्यात, त्याच मुखातून. त्याला नकार देता येत नाही; नकार देणे हे पाप आहे हे त्याला कोणत्याही ग्रंथावाचून कळते. काकांच्या धाडसाची किंमत काका एकटे देत नाहीत. म्हणून आमचे उत्तर असे की, सहावे जाकीट मिळेपर्यंत कोणीतरी एकाने किनाऱ्यावर राहावे, आणि शक्यतो ते खुद्द मालकाने सुचवावे, म्हणजे काकांचा मान राहतो.

किनाऱ्यावर राहणाऱ्याला काम नाही असे नव्हे. होडीत कोण कोण आहे, कोणत्या बाजूला जाणार, किती वाजता परतणार हे त्याने कागदावर लिहून घ्यावे. तटरक्षक दलाचा शोध-बचावाचा क्रमांक १५५४ त्याच कागदावर असावा. ठरलेली वेळ टळली की आणखी थोडे थांबू, मासे लागले असतील, असे स्वतःला समजावीत बसू नये, फोन करावा. होडी तेवढ्यात आलीच तर पुन्हा फोन करून तसे कळवावे. कागद मात्र संध्याकाळपर्यंत हाताशी ठेवावा, कारण दुपारी दुसरी खेप निघण्याचा बेत पुष्कळदा जेवणाच्या पानावर ठरतो.